आधी वास, मग चहा

मामा आधी वास घ्यायचे. चहा दिला की वास, पाण्याचा तांब्या दिला की वास. एकदा मी घरची बोरं दिली, तर एकेक नाकाला लावून म्हणाले, "कायतरी गडबड हाय." मग सगळी खाऊन गेले. मामांना जाऊन आता वर्ष झालं, तरी कुणाला चहा दिला की मी अजून आधी त्याच्या नाकाकडे बघतो.

वाटूर फाट्यावर माझं खत-औषधांचं दुकान आहे. मामा जवळच्या पाझर तलावात मासे धरायचे. नात्याने माझे कुणी नव्हते, पण साऱ्या फाट्याचेच मामा. येता-जाता डोकावून विचारायचे, "आज कोणी काय औषध नेलं, शेठ?" भीती एकच, कुणीतरी आपल्या तलावात विष कालवणार. संशयित मात्र बदलत राहायचे. कधी काठावरून पाणी उपसणारा मोटारवाला, कधी बांधावर पत्ते कुटणारी टोळी. एकदा तर तलाव मोजायला आलेला सरकारी माणूस. "पाण्याकडं बघून हसला तो," म्हणाले. घ्या, म्हणजे माणसानं हसायचीही चोरी! अशी वल्ली तुमच्याही गावात असेल म्हणा.

पण त्यांचा खरा संशय होता धाकट्या भावावर. वाटणीत तलावाचा ठेका मामांकडे राहिला आणि भाऊ परतूरच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायला लागला. "त्याच्या पोटात दुखून राह्यलं," मामा म्हणायचे. "बराबर डाव साधणार तो."

खरं सांगू? संशय मलाही यायचा, मामांचाच. गुंठाभर जमीन नसलेला माणूस युरिया कशाला नेतो? विचारलं की म्हणायचे, "हाय काम." हातभट्टीत युरिया घालतात हे मी ऐकून होतो. शेवटी एका दुपारी गाडी काढली आणि गुपचूप त्यांच्या मागे गेलो.

मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून तलावात युरिया फेकत होते.

"माग काढून राह्यला व्हय?" माझ्यावर ओरडले. मग जरा ओशाळले. "पाणी हिरवं झालं की मासा अंग धरतो. सगळेच टाकतात."

पाणी होतंच हिरवं, रंग कालवल्यासारखं. वरच्या कापूस-सोयाबीनच्या रानांतलं खत दर पावसाबरोबर त्यात उतरत होतं आणि मामा वर भर घालत होते. मामांच्या लहानपणी तळ दिसायचा म्हणे. तळाशी लांबच लांब गवत हलायचं आणि दोघं भाऊ काठावर पालथे पडून त्यात लपलेली पिल्लं बघत बसायचे.

"कुठं गेलं ते गवत?"

"मेलं. बरं झालं. जाळं अडकायचं त्यात."

त्या श्रावणात आभाळ हटेचना. एका सकाळी सगळा मासा पोट वर करून काठाला लागला. मामा हातात मेलेला रोहू घेऊन दुकानात आले. "औषध कोणी नेलं? माझा भाऊ आल्ता का?"

"बिलकुल नाही, मामा. आईची शपथ."

ऐकतील तर शप्पथ! भर फाट्यावर त्यांनी भावाची काळीपिवळी अडवली आणि बसलेल्या गिऱ्हाइकांदेखत त्याची गचांडी धरली. "तू मारला माझा मासा!"

"दादा, हात सोड," भाऊ एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

मग मत्स्य खात्यातला एक ओळखीचा अधिकारी मी तलावावर आणला. त्याने पाणी तपासलं. विष नव्हतंच. "तलावाला खत फार झालंय," तो म्हणाला. "वर हिरवा थर माजला, खाली ऊन पोचेना, म्हणून तळाचं गवत गेलं. आणि आभाळ आलं की हा हिरवा थरच पाण्यातली हवा खाऊन टाकतो. मासा गुदमरून मेला, मामा."

"मंग टाकलं कोणी?"

"विष? कुणीच नाही. पण इथे खत कुणी टाकतं का?"

मामांनी हळूच स्वतःचे दोन्ही तळवे नाकाशी नेले आणि तसेच उभे राहिले. "वास येऊन राह्यला, शेठ," म्हणाले. त्यांच्या वासाची मी इतके दिवस टिंगल केली होती, पण त्या वेळी माझेही हात नकळत नाकाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत मामा हजर. "चला सोबत, भावाकडं जायचंय. मला एकट्याला दारात उभा करायचा न्हाई तो."

भावाने आम्हाला पाहिलं आणि तसाच आत गेला. आम्ही ओट्यावर बसलो. मामांनी तोंडातल्या तोंडात काही जुळवून आणलं होतं, पण भाऊ स्वतःच चहा घेऊन बाहेर आला आणि त्यातलं काही निघालं नाही. त्याने एक कप मला दिला, दुसरा मामांपुढे धरला.

"घे की वास," भाऊ म्हणाला. "विष असंल."

मामांनी कप घेतला आणि मान वर न करता गरम गरम चहा एका दमात पिऊन टाकला.