मडकं घातलेले सासरे

माझ्या सासऱ्यांइतका निर्भय माणूस निजामाच्या उभ्या मुलखात झाला नसेल, आणि त्याची सगळी शिक्षा मी भोगली आहे. बीडच्या अदालतीत ते वकील. एकदा भर सुनावणीत छपरातून साप पडला. मुन्सफसाहेब मेजावर चढले, पट्टेवाला खिडकीतून पसार झाला, आणि हे मात्र "हुजूर, आमचा तिसरा मुद्दा असा" म्हणत जागचे हलले नाहीत. मी घाटनांदूरचा, कापडाच्या दुकानात गादीवर बसणारा. पाल चुकचुकली तरी पाय वर घेणारा. असा जावई त्यांनी काय पाहून पसंत केला, देव जाणे.

सापापेक्षा मला धाक होता तो त्यांच्या कॅमेऱ्याचा. हैदराबादेहून आणलेलं ते पेटीएवढं धूड, लांब पायांची तिवई आणि फोटो उमटवायच्या काचांचे डबे घेऊन ते हिवाळाभर तळी धुंडाळत. थंडीत येणाऱ्या रानबदकांचा जवळून फोटो काढायचा, त्यातही चक्रवाकाच्या जोडीचा, हे त्यांचं वेड. तीन हिवाळे गेले, पण काचेवर उमटत ती नुसती पाण्यावरची वर्तुळं. बदकं आधीच उडालेली असत. तेही फोटो ते पाहुण्यांना दाखवत आणि "हितं बसलं होतं बघा" असं इतक्या खात्रीनं सांगत, की पाहुण्यांना खरंच बदक दिसू लागे.

मग त्यांना पाखरं धरणाऱ्या लोकांची युक्ती कळली. ही माणसं तळ्यात आठ-आठ दिवस रिकामी मडकी सोडून ठेवतात. पाखरं मडक्यांना सरावली, की एक जण डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालून गळाभर पाण्यातून जातो आणि खालून पाखराचे पाय धरतो. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी सासुरवाडीला गेलो, तेव्हा लिंबागणेशच्या वाटेवरच्या एका जहागिरी तळ्यात सासऱ्यांची मडकी तरंगायला लागून आठवडा झाला होता. हातावर तिळगूळ ठेवत ते म्हणाले, "पहाटे निघायचं, जावईबापू. दोन मडकी तयार हायत."

"पण तिथं जहागीरदारांचे पाहुणे शिकारीला येतात म्हणे," मी पुटपुटलो.

"ते परवा येणार. चौकीदाराला इचारलंय मी. कावून एवढं भेता? बदक काय नालिश ठोकणार हाय?"

उजाडलं तेव्हा मी गळाभर गार पाण्यात, डोक्यावर मडकं घालून उभा होतो. पायाला काही लागलं की ती मगरच, अशी माझी खात्री होई. लव्हाळ्यात तिवईवर कॅमेरा, शेजारी मडकं घातलेले सासरे, त्यांच्या हातात फोटो घेण्याचा रबरी फुगा. बदकांच्या मागून हळूहळू सरकत चक्रवाकाची जोडी त्यांच्याकडे न्यायची, एवढं माझं काम. आणि काय सांगू, जोडी निघाली! ती नारिंगी पाखरं कॅमेऱ्यापासून दोन हातांवर जाऊन थांबली. सासरे तीन वर्षं ज्याची वाट पाहत होते ते समोर होतं. फुगा दाबायचा तेवढा बाकी होता.

त्याच वेळी मडक्याच्या भोकातून मला बांधावर माणसं दिसली. हातात बंदुका. पाहुणे एक दिवस आधी आले होते. ओरडावं तर जोडी उडणार, गप्प राहावं तर मी मरणार. माझी दातखीळ बसली. तेवढ्यात बांधावरून कुणीतरी हसत म्हणालं, "पहले उस मटके पे निशाना!" आणि एक नळी सरळ माझ्याकडे वळली. मी देवाचं नावही विसरलो.

"मानूस हाय! मडक्यात मानूस हाय!"

सासरे ओरडत होते. मडकं फेकून, फुगा टाकून ते पाणी कापत माझ्याकडे धावले. त्यांच्या पायात अडकून तिवई कलंडली आणि कॅमेरा काचेसकट बुडाला. जोडी उडाली. त्यांनी मला पाठीमागे ओढलं आणि स्वतः माझ्यापुढे आडवे उभे राहिले. बार उडाला, पण नळी कुणीतरी वर ढकलली होती. छर्रे पलीकडे पाण्यात पडले. "वकीलसाब हायत बे!" म्हणत बांधावर एकच हशा पिकला.

परतताना बैलगाडीत मी माझं घोंगडं त्यांना दिलं. त्यांनी ते माझ्याच खांद्यांवर टाकलं. मी कॅमेऱ्याबद्दल हळहळलो, तेव्हा म्हणाले, "जाऊ द्या त्याला. पोरीला सांगू नका, पर मला लई भ्या वाटलं हो." मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

त्यांनी पुन्हा कॅमेरा घेतला नाही. पण तेव्हापासून मी दुकानाचं कापड घेऊन बाजाराहून परतायच्या दिवशी ते पुष्कळदा आमच्या गावच्या वेशीबाहेर छत्री टेकून उभे दिसत. "सहज फिरत आलतो," म्हणत. बीडहून घाटनांदूर, दोन दिवसांचा गाडीरस्ता, आणि म्हणे सहज! ते गेल्यानंतर पहिल्यांदा बाजाराहून आलो, तेव्हा वेशीशी मी गाडी थांबवली आणि बराच वेळ तिथंच बसून राहिलो.