वरून आम्ही दिसतो का?

नवऱ्याच्या नोकरीमुळे नव्वदच्या दशकात आम्ही सिंगापूरला गेलो. मलाही तिथे जहाजावरच्या अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्या एका केंद्रात प्रोग्रामरची नोकरी मिळाली. केंद्रात जहाजाच्या ब्रिजसारखी, म्हणजे जिथून जहाज चालवतात तशी, एक खोली होती. सुकाणू खरं, रडार खरं, पण काचांच्या जागी मोठे पडदे आणि त्यांवर कॉम्प्युटरने काढलेला समुद्र. तो समुद्र माझ्या ताब्यात. शेजारच्या खोलीत बसून मी धुकं दाट करायची, पाऊस पाडायची, समोरून टँकर सोडायची. पुण्यात वाढलेल्या मला खऱ्या समुद्रातलं ओ की ठो कळत नव्हतं.

एका कोर्सला कोकणातला एक सेकंड ऑफिसर आला. तिशीचा, अबोल. मी मराठी आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी मला ताई म्हणायला लागला. त्याच्या वडिलांची मासेमारीची होडी होती आणि शाळेच्या सुट्ट्या त्याने त्या होडीवरच काढल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सराव चालू असताना मी धुकं टाकलं आणि एक छोटी होडी त्याच्या वाटेत आणून सोडली. लाकडी होडी रडारवर नीट उमटत नाही, हेच त्या धड्यात शिकवायचं होतं. त्याला ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. त्याने भोंगा दिला, सुकाणू पूर्ण फिरवायला लावलं. होडी पडद्याच्या खालच्या कडेला गेली आणि नाहीशी झाली.

आमचे प्रशिक्षक म्हणजे एक निवृत्त चिनी कॅप्टन. ते दिवे लावून आत आले आणि त्याच्या पाठीवर थाप मारत सिंगापुरी ढंगात म्हणाले, "ओन्ली कॉम्प्युटर, लाह!" बाकीचे हसले. हा मात्र पडद्याच्या कडेशी वाकून खाली बघत राहिला.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला. ताटातल्या भाताला त्याने हात लावला नव्हता.

"ताई, त्या होडीत माणसं किती होती?"

"माणसं काढलेलीच नाहीत हो. नुसती होडी आहे."

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मी मोठ्या जहाजावर लागलो तेव्हा बाबांनी एकच विचारलं होतं. तुम्हाला वरून आम्ही दिसतो का रे? मी म्हटलं, दिसता ना. आज मला दिसली नाही."

पुढे त्याने विचारलं, "आपल्यालाही कुणी असंच शेजारच्या खोलीतून चालवत असेल तर? त्याच्या लेखी आपण नुसती होडी असू. आत माणसं आहेत हे त्याला ठाऊकही नसेल."

सकाळी मीच ती होडी तिथे सोडली होती, तीही चहा पीत पीत. मला एकदम अपराधी वाटलं. त्याला बरं वाटावं म्हणून मी त्याला माझ्या खोलीत नेलं आणि होडी मॉनिटरवर फिरवून दाखवली. वरून रंगवलेली, पण खालून पोकळ. जी बाजू कुणाला दिसणार नाही, ती आम्ही काढतच नसू.

"हिला तळच नाही!" तो म्हणाला आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला. मग खुर्ची ओढून बसला आणि चुका काढायला लागला. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, अशी नसते, जाळं मागच्या बाजूला हवं. "आणि धुक्यात कुणी असं गुपचूप बसत नाही, ताई. बाबा पत्र्याचा डबा बडवतात."

संध्याकाळी मी पँट्रीतला बिस्किटांचा रिकामा डबा आणला. त्याने तो चमच्याने बडवला, मी टेप केलं आणि तो आवाज होडीला जोडला.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी त्याला तोच धडा पुन्हा दिला. होडी कुठून येणार ते मात्र बदललं. धुकं पडताच त्याने वेग कमी केला आणि ब्रिजवरच्या सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. रडारवर काहीच नव्हतं. डब्याचा आवाज डावीकडून आला तशी त्याने इंजिन थांबवायला लावलं. होडी पडद्यावरून सावकाश निघून गेली. ती दिसेनाशी झाल्यावरही तो मिनिटभर तसाच उभा होता. त्याला कुणी हटकलं नाही. कॅप्टनसाहेबांनी तो आवाज धड्यात कायमचा ठेवून घेतला.

कोर्स संपला त्या शनिवारी मी त्याला वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. पिठलं वाढता वाढता, आपल्यालाही कुणी चालवत असेल तर, हा त्याचा प्रश्न मी नवऱ्याला सांगितला. नवरा म्हणाला, "असेलही कुणी. पण त्याला हे पिठलं सुचलं असेल असं मला वाटत नाही."

तो मनापासून हसला आणि त्याने आणखी पिठलं मागून घेतलं. मग नवऱ्याकडे बघत म्हणाला, "वहिनींनी बरं केलं, मला ती होडी आतून दाखवली." घरी आल्यावर मी ताईची वहिनी झाले होते. सोमवारी त्याला जहाजावर रुजू व्हायचं होतं. जाताना मी त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि आम्ही दोघं त्याला एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत सोडायला गेलो.