उष्टं न केलेलं पाणी

कॅनडातल्या सस्काचेवान प्रांताला समुद्र नाही. गोड्या पाण्याची तळी मात्र इतकी, की नकाशावर कुणी निळी शाई शिंपडल्यासारखी वाटतात. त्यातल्याच एका तळ्याकाठी मूळ रहिवाशांची राखीव वस्ती आहे. तिथले लोक कित्येक वर्षं नळाचं पाणी उकळून पीत होते. याचा मला भयंकर संताप होता. सस्काटून शहरातल्या आमच्या विद्यार्थी गटाची पत्रकं मीच लिहायचे, म्हणजे संताप हे माझं कामच होतं.

पत्रकाला चेहरा हवा होता. वस्तीतल्या एका बाईंनी "ये, मग बघू" एवढंच कळवलं. फोटोला होकार नव्हता. पूर्वी कुणी बातमीवाल्यानं त्यांच्या सिंकचा फोटो छापला होता आणि लेकीला शाळेत घाणेरडी म्हणून ऐकून घ्यावं लागलं होतं. आता त्या आधी माणूस पारखणार होत्या.

मी गेले. त्यांनी कोपऱ्यातल्या मोठ्या जारमधून मगभर विकतचं पाणी दिलं. मी मान मागे टाकली आणि वरूनच घटाघटा प्यायले. सस्काटूनला भाड्याच्या बेसमेंटमध्ये आम्ही चौघीजणी एकाच बाटलीवर जगायचो. हात आपोआप वर गेला.

त्या बघत राहिल्या.

"आमच्या मगाला ओठ लावायची किळस येते का तुला?"

आवाजात राग नव्हता. विचारायची सवय होती.

मी घाईघाईनं सांगितलं, आमच्याकडे असंच पितात, पुढच्यासाठी पाणी उष्टं होऊ नये म्हणून. मानच असतो तो.

"सगळे, सगळ्यांसाठी?"

"हो."

म्हणाले खरी, पण डोळ्यांपुढे आमच्या सोलापूरच्या घराचं मागचं दार आलं. संडास साफ करायला येणाऱ्या मावशी तिथं उकिडव्या बसून ओंजळ धरायच्या आणि आई तांब्या उंच धरून वरून धार सोडायची. त्या धारेत कसला मान! आईच्या हातात काम असलं की तो तांब्या मीही धरलाय. जातीवर पत्रकं लिहिलीत मी, मला सगळं पाठ आहे. पण होकार हवा होता.

बाई हसल्या. मीही तसंच पिऊन बघते, म्हणत त्यांनी स्वतःचा मग उंच धरला. पाणी हनुवटीवरून स्वेटरवर, तिथून फरशीवर. सोफ्यावरून लेक करवादली, "मॉम, परवापर्यंत पुरवायचंय ते." त्यांनी तरी आणखी एक घोट वरून घेतला. माझा मान राखायला.

"काढ फोटो," त्या म्हणाल्या. "तुला कळेल आमचं."

फोटो झकास आला, चेहरा हसरा. गटात एकच हरकत निघाली: पाण्याची टंचाई असलेल्या घरात स्वेटर भिजलेला कसा? उगाच प्रश्न येतील. मी मुकाट्यानं खालचा ओला भाग कापला आणि पत्रक छापायला पाठवलं.