फक्त फ्रेंच बचाव जाणणारं इंजिन

येना या जर्मन शहरातल्या एका कंपनीत भिंगांची गणितं करण्यात अरुंधती जोगळेकरची सत्तावीस वर्षं गेली. बुद्धिबळातलं तिला घोडा अडीच घरं चालतो, इतपतच कळायचं. वेड होतं ते तिच्या नवऱ्याला, योर्गला. दर गुरुवारी तो फेराइनमध्ये, म्हणजे गावच्या बुद्धिबळ मंडळात जायचा, काळी मोहरी मिळाली की फ्रेंच बचाव या ठरावीक ओपनिंगने खेळायचा आणि हेर लुट्स, म्हणजे लुट्ससाहेबांकडून हरून यायचा.

"कम्प्युटर तर म्हणतो, माझं काही चुकलं नाही!" एकदा तो वैतागून म्हणाला.

अरुंधती नुकतीच निवृत्त झाली होती, हात शिवशिवत होते. सगळंच खेळणारं इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा प्रोग्रॅम, योर्गच्या काय कामाचं? तिने एका मोफत इंजिनाचा गाभा घेतला आणि त्याला फक्त फ्रेंच बचावातले, मधली प्यादी एकमेकांत अडकलेले डाव स्वतःशीच खेळायला लावलं. लाखोंनी. इतर डावांत ते इतकं बावळट झालं, की खुद्द अरुंधतीने त्याला हरवलं. त्या आनंदात तिने केक आणला.

मग योर्गचे हरलेले डाव इंजिनापुढे ठेवले. प्रत्येक डावात ते योर्गची एकच खेळी चुकीची ठरवायचं.

"तू किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात न्यायची घाई करतोस," ती म्हणाली. "राजाला मधेच राहू दे."

"तीस वर्षं असाच खेळतोय मी!"

"आणि तीस वर्षं हरतोयस."

"गेनाऊ, अगदी खरं," योर्ग पडेल आवाजात म्हणाला.

मंडळाच्या स्पर्धेत लुट्सनी सवयीने वजीर, घोडा, हत्ती सगळे कोपऱ्याच्या दिशेला जमवले. योर्गचा राजा तिथे आलाच नाही. योर्गचे कान लालबुंद झाले होते, पण किल्लेकोट होऊ नये म्हणून हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते. लुट्सचा हल्ला विरला, तशी दुसऱ्या बाजूची काळी प्यादी पुढे सरकू लागली. एकोणचाळिसाव्या खेळीला लुट्सनी हार मानून हात पुढे केला.

"कोणी शिकवलं हे?"

योर्गने प्रेक्षकांत बसलेल्या बायकोकडे बोट दाखवलं. लुट्स खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "फ्राऊ जोगळेकर, माझ्या ओपनिंगचं असं इंजिन कराल?"

"तुमचे हरलेले डाव लागतील."

"तसे फारसे नाहीत."

"आजचा आहे की!"

पुढच्या शनिवारी लुट्स वही घेऊन दारात हजर. हरलेले अकरा डाव, सुवाच्य अक्षरात. योर्ग आधी जरा फुगला, मग त्यानेच कॉफी ठेवली.