नव्या गाडीतलं पातळ तेल

ती घटना आजही आठवते, कारण त्यात पहिली चूक मीच केली होती. निस्तरलीही मीच, म्हणून सांगायला लाज वाटत नाही.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं अकोटकडच्या एका ठाण्यात होतो. नावं कोणाचीच लिहीत नाही.

सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी उघडली होती, तेवढ्यात हिवरखेडकडचे एक बागायतदार तावातावाने आत आले. हातात पाण्याची बाटली, बाटलीत इंजिनाचं तेल. मागे त्यांचा ड्रायव्हर, मान खाली घालून.

"जमादार, पाहा हे! दोन महिन्याची गाडी हाय माही. या लेकाच्यानं कंपनीचं तेल काढून इकलं, अन् रॉकेल मिसळून ठेवलं!"

आमच्या वऱ्हाडात तेल पारखायची एक रीत आहे. ट्रॅक्टरचं तेल अंगठा आणि बोटात घासायचं. चिकटलं, तार धरली, तर चांगलं. मी तसंच केलं. तेल पाण्यासारखं निसटलं. "यात काही दम नाही," असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो. मग काय, बागायतदारांना आणखी जोर चढला.

ड्रायव्हरने हात जोडले. "साहेब, म्या बोनेटले हातबी नाही लावला. माहा कागद तुमच्याच टेबलावर हाय. पाहा ना."

खरंच होता. सरकारी खात्यात चालक म्हणून त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याकडेच आला होता. दोन दिवसांत उत्तर द्यायचं होतं. गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली.

दुपारी माझ्या खबऱ्याने वर्दी दिली. हा गॅरेजजवळचा चहावाला. म्हणाला, "साहेब, तो ड्रायव्हर डब्यानं तेल इकते. साऱ्या रोडले मालूम हाय." तक्रारदार तयार, खबर तयार, मुद्देमाल बाटलीत तयार. आमचे निरीक्षकसाहेब तरुण, इंजिनिअरिंग शिकलेले. म्हणाले, "जमादार, संध्याकाळी गुन्हा दाखल करून टाका."

तक्रारदाराला पहिल्यांदा हे सांगितलं कोणी, तर त्याच गॅरेजच्या मिस्त्रीने. गाडी धुवायला गेली असता त्यानेच तेल मोजायची पट्टी काढून दाखवली, "हे कंपनीचं नाही" म्हणाला, तेल काढलं, बाटलीभर पुरावा म्हणून दिलं आणि नवं तेल भरलं. तेव्हा तज्ज्ञ म्हणून त्याचा जबाब घ्यायला बोलावलं. आला तो रुबाबात, न सांगता खुर्चीवर बसला.

मी विचारलं, "कारखान्यातून गाडी निघते, तवा तिच्यात कोणतं तेल असते?"

"ट्वेंटी-फिफ्टी, साहेब. वीस-पन्नास नंबरचं, घट्ट. सहदासारखं. तेच म्या भरून देल्लं."

"पक्कं?"

"वीस वर्ष झाले हेच करून राह्यलो. मले नाही मालूम त कोनाले मालूम?"

जबाब लिहून घेतला, सही घेतली. गाडी आवारातच उभी होती. पंचनाम्यासाठी बोनेट उघडलं. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण आकडे येतात. तेल ओतायच्या झाकणावर कंपनीने आधी शून्य आणि मग वीस असे आकडे उठवलेले होते. पन्नास कुठेच नव्हता. माझ्या डोक्यात किडा शिरला.

निरीक्षकसाहेबांना म्हणालो, "मला अकोल्याला जाऊन येऊ द्या."

"एवढ्याशा तेलासाठी?"

"रजा टाकून जातो, पण जातो."

ते हसले आणि "जा" म्हणाले. अकोल्याच्या शोरूममध्ये त्याच मॉडेलची न विकलेली गाडी होती. दोन पंच सोबत होते. तिची पट्टी काढून एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला, शेजारी बाटलीतला थेंब. कागद उभा धरला. शोरूमचा थेंब रंगाने उजळ, आमचा दोन महिने चाललेला, जरा तपकिरी. पण दोन्ही सारख्याच वेगाने खाली पळाले.

तिथला मुख्य कारागीर म्हणाला, "साहेब, कारखान्यातून असंच पातळ येते. आताच्या इंजिनातल्या फटी बारीक, घट्ट तेल तिथं लवकर पोचतच नाही. एक गाडी बनवणारी कंपनी या तेल कंपनीकडून घेते, दुसरी त्या. काही दोघातिघांकडूनबी घेतात. कोनाचं भरलं ते गिऱ्हाइकाले सांगत नाहीत. गाडीच्या पुस्तकात दर्जा लिहिलेला असते, तो पाहायचा."

"अन् कारखान्यात भरतात तेच तेल डब्यात मिळते काय?"

"तिथं मोठ्या टाकीतून नळीनं भरतात. आमच्याकडं सर्व्हिसचा डबा येते, तो वेगळा. कारखान्यातून आणलेला डबा म्हणून कोनी इकत असंन, त त्याले आधी धरा."

परत येताना चहावाल्याकडे थांबलो. "काय बे, ड्रायव्हरले तेल इकताना तू डोयानं पाह्यलं काय?"

"नाही साहेब. मिस्त्रीनं सांगतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला पुन्हा बसवलं, आता बाकावर. हात उगारला नाही. एकच प्रश्न विचारला, "बाटलीभर तेल ठाण्यात आलं. बाकीचं कुठं हाय?"

"नालीत फेकलं, साहेब."

"भेसळीचा पुरावा होता, अन् फेकला? कावून?"

लगेच त्याच्या गॅरेजची झडती घेतली. फळीमागे सात डबे, सगळ्यांवर चिठ्ठी: 'कंपनी फिलिंग, कारखान्याचा माल'. आत तेच पातळ तेल, नव्या गाड्यांमधून काढलेलं आणि फडक्याने गाळलेलं. डबे लाखेने सील करून नमुने अमरावतीला प्रयोगशाळेत पाठवले. तिथला अहवाल यायच्या आधीच मिस्त्रीने कबूल केलं. नव्या गाडीवाल्याला भेसळीची भीती घालायची, त्याचं चांगलं तेल काढून घ्यायचं, पिंपातलं स्वस्त घट्ट तेल भरायचं आणि आळ ड्रायव्हरवर टाकायचा. ट्रॅक्टरची सवय असलेला आमचा माणूस बोट घासून पाहतो आणि त्याला लगेच पटतं. मीही तेच केलं होतं.

गुन्हा दाखल झाला, पण मिस्त्रीवर. पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही आढळले नाही' हे मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. निरीक्षकसाहेबांनी उभं राहून हात मिळवला. म्हणाले, "जमादार, इंजिनिअर मी आणि झाकण वाचलं तुम्ही!" तो हात मी अजून विसरलो नाही.

बागायतदार ओशाळले होते. ड्रायव्हरला म्हणाले, "चाल बावा, चूक झाली माही. घे किल्ली."

ड्रायव्हर हसला. "नाही भाऊ. आधी तेल बदलून घ्या अकोल्याहून, नाहीतर रस्त्यातच बसान. आता मी सरकारी गाडी चालवतो." सगळं ठाणं हसलं, बागायतदारसुद्धा.

नोकरीत मी मोठमोठे गुन्हे पाहिले, पण या तेलाने मला शिकवलं ते कोणत्याच प्रशिक्षणात शिकवलं नाही. तक्रारदार बोलत होता, खबऱ्या बोलत होता, तज्ज्ञ बोलत होता, आणि पहिल्या दिवशी मीही बोललो. चौघांचं म्हणणं एक, म्हणजे पुरावा पक्का, असं वाटलं होतं. नीट मोजलं तेव्हा बोलणारा माणूस एकटा मिस्त्री निघाला. आम्ही बाकीचे त्याचंच म्हणणं पुढे चालवत होतो.