लिन आजींचा कमरबंद

लिन आजी माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी कंबर. हिल्सबरोला राहायला आलो त्या आठवड्यात मी कुंपणापाशी उभी होते. शेजारच्या अंगणातून त्या आल्या, माझ्या कमरेकडे बघितलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "पँट सैल झालीय तुझी. कोणाची आठवण येते?" सहा महिन्यांपूर्वी पुण्यात आई गेली होती आणि मी वेळेत पोहोचले नव्हते. मला रडूच फुटलं.

चीनमध्ये असताना त्या एका नाटक मंडळीसाठी रेशमी गोफ आणि कमरबंद विणायच्या. "आमच्या जुन्या कवितेत विरहात बाई रडत नाही," त्या सांगायच्या. "तिचा कमरबंद सैल होतो. वाचणाऱ्याला कळतं." पुढे त्यांनी मलाही गोफ शिकवले. मी घाई केली की म्हणायच्या, "ओढू नकोस. धागा आपणहून येतो."

त्यांची एकुलती एक मुलगी युन सिडनीला होती. तिथे तिनं रजिस्टर लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर कळवलं. जुन्या चिनी रीतीप्रमाणे सासरी निघालेल्या मुलीचा कमरबंद आई बांधते. आजींनी तो आधीच विणून ठेवला होता. लालभडक, टोकांना गोंडे. फोनवर त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. मग आठ वर्षं दोघी सणासुदीपुरत्या बोलत राहिल्या.

मागच्या हिवाळ्यात आजींना पक्षाघात झाला. मी युनला फोन केला, ती दुसऱ्या दिवशी आली. आजींनी मला कपाटाकडे खूण केली. मी कमरबंद काढून दिला. युन जीन्सवरच पलंगाला खेटून उभी राहिली. आजींनी डाव्या हातानं तो तिच्याभोवती घेतला, पण उजवा हात उठेना. रेशीम पुन्हा पुन्हा निसटत होतं.

"मॉम, मी बांधते ना," युन इंग्रजीत म्हणाली.

आजी चिनीत काहीतरी पुटपुटल्या. युननं मला नंतर सांगितलं, त्या म्हणाल्या होत्या, "आईनंच बांधायचा असतो." बराच वेळ झटून शेवटी त्यांनी हात खाली टाकला. गाठ बसली नव्हती.

चार दिवसांनी त्या गेल्या. अंत्यविधीच्या वेळी युनला कमरेला सुतकाची पांढरी पट्टी बांधायची होती. हॉलच्या दारात ती पट्टी हातात घेऊन माझ्याकडे आली.

"मॉमनं तुला शिकवलंय ना?"

ही गाठ मला त्यांनी शिकवली नव्हती. तिला तसं सांगवेना. मला येत होती ती परकराच्या नाडीची सुरगाठ, तीच मारली.

"घट्ट होतेय का गं?"

"होऊ दे," ती म्हणाली आणि आत गेली.