तासेरेची जीभ

तासेरे देर्मेच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. वागादुगू शहरातल्या ओतारी गल्लीत जन्मलेलं हे पोर चालण्याआधी भांडायला शिकलं, असं त्याची आत्या सांगायची. पुढं आयुष्यभर त्यानं पितळेची हरणं, ढोल वाजवणारे बुवा आणि मुसळ धरलेल्या बायका ओतल्या. परदेशी पाहुण्यांनी त्या मूर्ती आपापल्या देशी नेल्या. देशाचे दिवस फिरले, पाहुणे यायचे थांबले, गल्लीतल्या भट्ट्या एकेक करून विझल्या. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं तासेरेला शहराबाहेरच्या कलाकारांच्या आवारात खोली मिळाली. राहा, खा, आणि या खेपेला स्वतःच्या मनातलं काहीतरी करा, एवढीच अट. नेमकं तिथंच गाडं अडलं. पन्नाशी उलटेपर्यंत त्याला मनातलं कुणी विचारलंच नव्हतं. ओतण्यासाठी आधी मेणाची आकृती करायची, डोळे बारीक करून बघायची आणि मुठीत चुरगाळायची, यात त्याचा दिवस जायचा.

आवार हळूहळू रिकामं झालं होतं. पुन्हा सत्ता उलटून रेडिओवर नवे सैनिक बोलायला लागले, तेव्हा शेजारच्या बेनँ देशातला चित्रकार ओले रंग तसेच टाकून घरी गेला. संचालकबाई "आलेच" म्हणून गेल्या त्या गेल्याच. वीज मनात आलं तर यायची. उरले दोघं: तासेरे, आणि छातीएवढ्या मातीच्या भिंतीपलीकडे पेलाजी तोए. ती लाकडाच्या मोठाल्या बाहुल्या करायची आणि त्यांना दोऱ्यांवर नाचवून बोलतं करायची.

तो मोसी, ती सामो. या दोन जमातींत पणजोबांच्याही आधीपासून थट्टेचं नातं. मोशानं सामोला गुलाम म्हणायचं, सामोनं मोशाला म्हणायचं. बाजारात म्हणायचं, लग्नात म्हणायचं, मयतात तर म्हणायलाच हवं. रागावला तो हरला.

"ए बटके! मालकाचा चहा कुठाय?" सकाळी तासेरे भिंतीवरून ओरडायचा.

"अगं बाई, माझा पळालेला गुलाम! तुलाच शोधत होते. चूल पेटलीय, ये, बस आत."

"का? कुत्री संपली गावातली? सामोला कुत्र्याचं डोकं मिळालं नाही की सकाळ होत नाही म्हणे."

"डोकं तुझ्यासाठीच ठेवलंय रे. देवानं तुला द्यायचं राहिलं ना!"

मग चहा व्हायचा. पहिली उकळी कडू, तिसरी गोड, आणि मधल्या वेळात पेलाजी आपल्या आईची नक्कल करायची. म्हातारी तूगान शहराच्या पलीकडच्या एका खेड्यात ज्वारीची दारू गाळायची. तासेरेनं तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ती त्याला पाठ झाली होती. डावा हात कमरेवर, उजवा पाय जरा ओढत चालणं, बोलण्याआधी नाकानं एक "हं". जगातल्या कुठल्याही गोष्टीवर तिचं मत ठरलेलं असायचं: "वाईट नाही. पण मी केलं असतं तर!" लेकीचं लग्न, पाद्रीबाबांचं प्रवचन, शेजारणीचं बाळंतपण, सगळ्यांना तेच माप. मायलेकी फोनवर रोज भांडायच्या. तासेरे मेण मळता मळता ऐकायचा आणि गालात हसायचा.

मग एके दिवशी फोन लागेना. त्या भागातला फोनचा मनोरा बंदूकवाल्यांनी पाडला, असं रेडिओनं सांगितलं. गाव उठलं, लोक तूगानच्या वाटेनं पायी निघाले, असं बाजारात कळलं. पेलाजी फोन लावायची, कानाशी धरायची, ठेवायची, परत लावायची. एका बाहुलीचं तोंड तिनं इतकं तासलं की नाकच उरलं नाही.

आणि इथं तासेरेनं घोडचूक केली. तो चांगला वागायला लागला.

"नमस्कार पेलाजीबाई. झोप लागली का तुम्हाला?" भिंतीपलीकडून हलक्या आवाजात तो विचारी. शहरातल्या घरून बायकोनं पाठवलेलं भेंडीचं कालवण झाकून भिंतीवर ठेवी आणि मान खाली घालून परत फिरे. त्याला वाटे, आपण माणुसकीनं वागतोय. जिभेवर आलेली शिवी तो गिळे, आणि ती घशाखाली उतरत नसे.

असं काही दिवस चाललं. एका सकाळी पेलाजीनं भिंतीवर लाकडी हातोडा आपटला. माती खाली सांडली.

"काय कळलंय तुला? खरं सांग!"

"मला? मला कुठं काय, बाई..."

"बाई कुणाला म्हणतोस? अरे, शिवी का देत नाहीस? परक्याशी बोलावं तसं बोलतोस माझ्याशी! माझी आई मेली असं ठरवूनच टाकलंस ना तू?"

तासेरेनं तोंड उघडलं. बटके म्हणायला गेला, शब्द अर्ध्यातच अडला. ज्या जिभेनं गल्ली हलवली होती ती टाळ्याला चिकटली. पेलाजी हातोडा उचलून आत गेली. त्या दिवशी त्याला स्वतःची फार लाज वाटली.

पुढच्या शुक्रवारी तिचा चुलतभाऊ तूगानहून आला. पायातले जोडे दोन वेगवेगळे. म्हातारी गावातून सगळ्यांबरोबर निघाली होती, त्यानं सांगितलं. वाटेत तेलबियांच्या एका शेआ झाडाखाली बसली ती उठली नाही. लोकांनी तिथंच पुरलं आणि पुढं चालू लागले. तिकडं आता कुणाला जाता येत नाही.

शहरातले सामो नातेवाईक आवारात जमले, चटया अंथरल्या. ना प्रेत, ना कबर. रस्त्यावर गाडी वाजली की सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळत. पेलाजी भिंतीला टेकून बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. येणारा प्रत्येक जण हळूच काहीतरी बरं बोले आणि चटईच्या कडेला टेके.

तासेरे आपल्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. सामोच्या मयतात मोशानं यायचं, मेलेल्या माणसाची नक्कल करायची, घरच्यांना हसवायचं, ही रीत त्याला काय माहीत नव्हती? पण आवारात मोसी तो एकटाच. न जावं तर म्हातारी थट्टेवाचून गेली, म्हणजे बेवारशासारखी गेली. जावं, तर जी बाई कधी पाहिली नाही तिची नक्कल तिच्याच लेकीसमोर? पुन्हा चुकलो तर? हातातलं मेण त्यानं भिरकावलं. दोरीवर पेलाजीचं लुगडं वाळत होतं, ते ओढून नेसला. डोक्यावर तिचा दारूचा रिकामा भोपळा ठेवला. नमाजी माणूस, आणि डोक्यावर दारूचा भोपळा!

डावा हात कमरेवर, उजवा पाय ओढत तो चटयांच्या मधोमध आला.

"हं!" तो नाकानं म्हणाला. सगळे दचकले. "याला रडणं म्हणतात? वाईट नाही. पण मी रडले असते तर तूगानपर्यंत कोंबडे जागे झाले असते!"

एक म्हातारा सामो फसकन हसला. "अरे, तीच! तीच ती!"

"आणि तू काय हसतोस? मागच्या सणाची दारू उधार नेलीस ती आठवते का?" हशा उसळला. तासेरे पाय ओढत फिरला, पाद्रीबाबांना नावं ठेवली, चुलतभावाच्या जोड्यांना नावं ठेवली, आणि शेवटी पेलाजीसमोर येऊन थांबला. ती हसत नव्हती.

"आई," ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "चालताना पाय फार दुखले का गं?"

असा प्रश्न रीतीत नव्हता. तासेरेनं भोपळा सावरला, नाक ओढलं.

"हं. वाट वाईट नव्हती," तो म्हणाला. "पण तू बरोबर असतीस तर भांडायला कुणीतरी मिळालं असतं."

पेलाजीनं त्याच्या नेसलेल्या लुगड्यात तोंड खुपसलं आणि ती मोठमोठ्यानं रडली. बायका तिच्याभोवती सरकल्या. तासेरे तसाच उभा राहिला, एक हात डोक्यावरच्या भोपळ्याला, दुसरा लुगड्याला, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नाही.

दुसऱ्या सकाळी तो उठला तरी भिंतीकडे गेला नाही. काय बोलावं ते ठरेना. मेणाचा गोळा हातात घेऊन नुसता बसला होता.

"ए गुलामा!" पलीकडून आवाज आला, घोगरा, रडून बसलेला. "माझं लुगडं धुऊन दे. घामाचा वास मारतोय त्याला, मोशाच्या."

तासेरे मेण खाली टाकून भिंतीशी गेला.

"तूच धू, बटके," तो ओरडला. "आणि मालकाचा चहा कुठाय?"